हिरव्या दोऱ्याची थोटकं

निपाणीपास्नं बेळगावापतोर कुठल्या गावात किती माणसं बिडी वडत्यात, कोण कडक वडतंय, कोण हलकी वडतंय, ह्ये माझ्याएवढं ठावं असल्याला माणूस सगळ्या मुलखात दुसरा न्हवता. खरं म्हंजे मला बी ठावं न्हवतं, पर ह्ये मालकांच्या ध्येनात यायला पाच वर्सं गेली.

लिवायवाचायचं म्हणाल तर माझी मजल आंगठ्यापतोर. ह्ये मी बोलतोय आन नातसून लिवून घेतीया. ती शाळंत मास्तरीण हाय, तवा मधीच एखादं धुतल्यालं वाक्य लागलं तर ते तिचं समजा. दिवाळीच्या अंकात कामाधंद्याचं काय तरी सांगा म्हणून मंडळी घरी आलती. मी म्हणालो, मी काय वकील न्हाय, डाक्टर न्हाय. ते म्हणालं, म्हणूनच आलोय. ह्यात माझा मान झाला का अपमान, ते मला अजून उलगडल्यालं न्हाय.

सायबाचं राज्य हुतं तवाची गोष्ट. निपाणीत आमच्या मालकांची तंबाखूची वखार हुती आन बिडीचा कारखाना हुता. मी वखारीत वानगी काढायला हुतो. वानगी म्हंजे नमुना. शेतकरी पाला बोदात भरून आणायचा. बोद म्हंजे तंबाखूचं भलं मोठं पोतं, मी आत बसलो तर वरनं टोपी दिसायची न्हाय एवढं. गाडीवर धा बोद असलं तर धाच्या धा कोण उसकटून बघणार? दिवस जायचा, आन पाल्याचा चुरा व्हायचा. म्हणून तीन बोद निवडायचं, परत्येकातनं एक मूठ काढायची. तेवढ्या तीन मुठींवर मालक सगळ्या गाडीचं ठरवायचं.

आता सगळी मेख त्या मुठीत हाय. शेतकरी काय खुळा न्हवं. त्यो बोदाच्या तोंडाला चांगला पाला लावतोय आन पोटात फुटका भरतोय. तवा तोंडाची मूठ घ्यायची न्हाय. बोद आडवं पाडायचं, कुशीला हात घालायचा, आन पार पोटातनं मूठ वडायची. बोद बी शेतकरी दावंल ते न्हाय, आपण म्हणू ते. एवढी इद्या मला यायची. एवढीच यायची.

पर माझ्या नाकाला तंबाखूचा खकाणा सोसायचा न्हाय. एकदा मालकांच्या म्होरं वानगी धरली आन अशी शिंक आली की सगळी वानगी मालकांच्या टोपीवर. मालकांनी टोपी काढली, झाडली, पुन्यांदा घातली, आन म्हणालं, "केरबा, उद्यापास्नं तू भाईर काम कर. पाल्याची वानगी काढतोस तशी माणसांची काढायची."

माणसांची वानगी म्हंजे काय, ते सांगतो. पाला वर्सातनं एकदा निघतोय. तवाच ठरवायला लागतंय, कडक किती घ्यायचा आन हलका किती. एकदा घेतला की वरीसभर त्येच्याच बिड्या. तवा लोकांस्नी फुडं काय आवडणार, ह्ये आधी कळायला पायजे. सगळ्या मुलखाला इचारता येत न्हाय. दुकानदाराला इचारावं तर त्यो आमच्याच बिडीचं गुण गायचा, न्हाय तर आमी माल बंद करू अशी त्येला भीती. ऱ्हायला वडणारा. चार गावं धरायची, गावातली थोडी माणसं धरायची, त्येंना इचारायचं, आन त्येवरनं मुलखाचं वळखायचं. लोक मला बिडीइचाऱ्या म्हणायचं. त्येच्याआधी शिंकऱ्या म्हणायचं, तवा बढतीच झाली म्हणा.

पैलं गाव मला कडोली दिलं. मला लिवायला येत न्हाय, म्हणून मी एका खिशात शेंगदाणं घेतलं आन एका खिशात फुटाणं. आमची बिडी वडतो म्हणणाऱ्याचा शेंगदाणा, न्हाय म्हणणाऱ्याचा फुटाणा, आन दोन्ही कमरंच्या एका पिशवीत टाकायचं. लई झकास चाललं. सांजच्याला पिशवी भरली. परत येताना बेळगावापतोर चालत यायचं हुतं आन दुपारपास्नं पोटात काय न्हवतं. शेंगदाण्यानं मला पित्त हुतंय. फुटाणं मला लई आवडत्यात.

बेळगावात आलो तवा पिशवीत न्हाय म्हणणारा कडोलीत एक बी उरला न्हवता.

मालकांनी खूश होऊन कडोलीला दुप्पट माल धाडला. त्यो तिथल्या दुकानात सादळला आन माघारी आला. मग माझी चौकशी झाली, आन फुटाण्याची गोष्ट निपाणीभर झाली. तितनं बिड्या वळणाऱ्या बायांच्या तोंडून कोगनोळीपतोर गेली. त्या दिसापास्नं मला चिंचोकं आन गजगं दिलं, चिंचोका 'व्हय'चा आन गजगा, म्हंजे सागरगोटा, 'न्हाय'चा. चिंचोकं बी भाजून खात्यात, पर कच्चं खायाइतका मी हावरा न्हवतो.

मालकांचं जावईबापू बेळगावात कालेजात शिकल्यालं. त्येंनी मला म्होरं बशिवलं आन सांगितलं, "केरबा, गावात शिरलास की पहिल्या घरापासून मोजायला लाग. दर दहाव्या घरात विचार. स्वतःच्या मनानं घर निवडू नकोस. मनानं निवडलंस की चुकलास." शाणी गोष्ट हुती. बोदाच्या कुशीत हात घालायचाच त्यो प्रकार. मला पटली. पर दहाव्या घराला कुत्रं असलं तर काय करायचं, ते त्येंनी सांगितलं न्हवतं. मी नवव्या घरात जायचो. नवव्यात कोण नसलं तर अकराव्यात. अकराव्याच्या चुलीवर कालवण शिजत असलं की तिथंच टेकायचो. असं करत माझी सगळी वानगी ज्या घराला कुत्रं न्हाय आन कालवण हाय, अशा घरातनं गोळा व्हायची. जावईबापूंनी त्येवरनं कागद केला, की खाऊनपिऊन सुखी माणूस आपलीच बिडी वडतोय. कागद मालकांनी डोळं मिटून ऐकला. मी बी ऐकला. मला त्यो खरा वाटला.

अनगोळात एका पेन्शनर मास्तरांच्या घरी गेलतो. म्हातारं सोप्यात झोपाळ्यावर बसल्यालं. त्येंचा लेक तिशीतला, कचेरीत कारकून, कोट घालून निघाल्याला. मी इचारलं, घरात बिडी कोण वडतंय? मास्तर म्हणालं, आमच्याकडं हे चालत नाही. लेकानं बी मान हलिवली. त्यो मान हलीवत हुता आन त्येच्या कोटाच्या खिशातनं धूर येत हुता. मी 'न्हाय'चा गजगा पिशवीत टाकला आन फुडच्या घराला गेलो. तितंच मला अक्कल यायला पायजे हुती. आली न्हाय.

मग ते साल आलं. आमची बिडी लाल दोऱ्याची, कडक. एक झुरका मारला की डोळ्यात पाणी यायचं. त्या साली कुठनं तरी सर्व्हिस मोटारीनं हिरव्या दोऱ्याची बिडी यायला लागली. बारीक, हलकी. दुकानदार ती फळीखाली ठिवायचं आन आमाला दिसू द्यायचं न्हाईत. जावईबापू म्हणालं, तरणी माणसं हलकीकडं गेलीत, औंदा हलका पाला घ्या आन आपण बी तसली बिडी काढू. मालक म्हणालं, माझ्या बापानं कडक पाला घेतला, मी बी कडकच घेतला, लोकांच्या छात्या काय एका सालात बदलल्या का? दोघांचं पटंना. पंधरा दिसांवर सौद्याचा दिवस आल्याला.

त्यात दुसरं एक हुतं. लाल बिडी वळायचं छप्पर कोगनोळीत हुतं, नाक्याच्या अलीकडं. पल्याड संस्थानाची हद्द. तिथं बावीस बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या, टेंभुर्णीचं पान कातरीनं कापायचं, त्यात तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. बाया आसपासच्या सा गावांतनं चालत यायच्या. त्येंची म्होरकी तानाक्का. बारीक बिडी वळायची तर ती निपाणीच्या बायांनी, कोगनोळीच्या बायांचा हात जड, त्येंना जमायचं न्हाय, असं मालकांनी धरूनच ठिवलं हुतं. म्हंजे सौद्यात हलका पाला ठरला की कोगनोळीचं छप्पर बंद. बावीस चुलींचा सवाल, आन त्यो माझ्या चिंचोक्यांवर.

मालकांनी मला बोलीवलं आन म्हणालं, "केरबा, धा गावं कर. खरं असंल ते आण. कुणाला बरं वाटावं म्हणून आणू नगंस."

आन त्या खेपंला मी खरंच इमानानं काम केलं, ह्ये मातूर लिवून घ्या. काय खाल्लं न्हाय. कुत्र्याला भ्यालो न्हाय. घरोघरी फिरायचं बी सोडलं, कारण तिथं माझं मन चळतंय ह्ये मला कळलं हुतं. मी सरळ चावडीवर जायचो. सांजंला सगळं गाव तिथं येतंय. म्हातारी, तरणी, सगळ्या भावकीची. बसायचो, रामराम करायचो, थोरल्यापास्नं धाकल्यापतोर वळीनं इचारायचो, बिडी वडता का, आन कुठल्या दोऱ्याची. म्हातारी माणसं म्हणायची, लाल. चांगला कडक माल हाय, हलकी बिडी बायकांनी वडावी. तरणी माणसं खाली बघून म्हणायची, आमी न्हाय वडत. गावामागनं गाव तसंच. मला तर भरून आलं. म्हटलं, आमच्या मुलखातली तरणी पोरं काय निर्मळ हाईत.

मालकांच्या म्होरं मी रास वतली: लालचा चिंचोका, न वडणाऱ्याचा गजगा, हिरवीचा खडा. वडणाऱ्यांत लालच लाल. न वडणारं लई, पर हिरवी वडणारं हाताच्या बोटावर. जावईबापूंनी रास बघितली आन कपाळाला आठी घातली. तरण्या वयात कोणीच ओढत नाही, हे कसं काय, असं ते म्हणालं. मी म्हणालो, संस्कार. मालक हासलं आन म्हणालं, बाजाराच्या दिवशी कडक पाल्याचा सौदा करू.

सौद्याला चार दिस ऱ्हायलं हुतं. मी थेट कोगनोळीला गेलो. कुणी बोलीवलं न्हवतं. आपण बावीस घरं राखली, ह्ये कुणी तरी आपल्याला म्हणावं, एवढीच हाव. छपरात जाऊन सांगितलं तवा बायांनी हातातल्या बिड्या सुपात टाकल्या. एकीनं पदराच्या गाठीतला गूळ काढून मला दिला. एक म्हणाली, केरबाआप्पा, तुमच्या तोंडात साखर पडंल. तानाक्का वळत ऱ्हायली. तिचा हात थांबायचा न्हाय, बोलताना बी न्हाय.

"का रं केरबा, आमच्या गावात इचारलंस कुठं?"

"चावडीवर. सगळं गाव हुतं."

"सगळं म्हंजे कोण कोण?"

मी नावं घेतली. पाटील हुतं, तुजा दीर हुता, तुजा थोरला लेक हुता.

"माझा लेक काय म्हणाला?"

"वडत न्हाय म्हणाला."

तेव्हा तिचा हात थांबला. तिनं सूप खाली ठिवलं, उठली, आन मला छपराच्या माघारी घिऊन गेली. तिचा लेक नाक्यावर गाड्या खाली करायला असायचा, आन दुपारची भाकरी आईजवळ खाऊन ह्या भिंतीच्या आडोशाला बसायचा. भिंतीच्या बुडाला थोटकं पडल्याली. बिडीचा दोरा चिमटीजवळ असतोय, तवा बिडी सरली तरी दोरा थोटकावर ऱ्हातोय. मी वाकून बघितलं. हिरवा, हिरवा, हिरवा, एखादा लाल, पुन्यांदा हिरवा.

"ही कुणी वडली? म्हशीनं?" तानाक्का म्हणाली.

मी एक थोटूक उचलून दोरा बघितला.

"चुलत्याच्या म्होरं पोरगं वडतो म्हणंल व्हय रं? तू म्हणला असतास तुज्या बाच्या म्होरं?"

माझा बा असंस्तवर मी चाळिशीला आलतो, पर त्यो दिसला की मी पेटती बिडी मुठीत दाबायचो. तळव्याला डाग हाय अजून. थोरल्याच्या म्होरं वडायचं न्हाय, ह्ये आमच्यात दुधाबरं पाजत्यात. आन मी धा गावांत बापाच्या शेजारी लेकाला बशिवलं, आन त्येला इचारलं, बाबा रं, वडतोस काय. पाल्याच्या बाबतीत जे मला कळत हुतं ते माणसाच्या बाबतीत कळलं न्हाय. चावडी म्हंजे बोदाचं तोंड. चांगला पाला तिथं लावल्याला असतोय. पोटात हात मी घातलाच न्हाय.

तानाक्कानं बायांस्नी गोळा केलं. सा गावच्या बाया. परत्येकीनं आपल्या गावात झाडायचं. चावडीम्होरं, तालमीच्या माघारी, नदीच्या वाटंवर, देवळाच्या भिंतीकडंला, नाक्यावर. आज एकदा झाडून थोटकं टाकून द्यायची, आन दोन दिसांनी त्याच जागा पुन्यांदा झाडायच्या, म्हंजे जुनं थोटूक मिसळायचं न्हाय. जागंगणीक येगळी पुडी बांधून आणायची. तिला कुठल्या कालेजात ह्ये शिकीवलं, ते मी इचारलं न्हाय.

मी तिला बाजूला घिऊन म्हणालो, "आक्का, हिरवी जास्त निघाली तर तुजंच छप्पर जाईल."

"जाईल. आन तुज्या लालवर भरवसा ठिवून मालकानं कडक पाला घेतला, आन बिड्या खपल्या न्हाईत, तर? ह्यो हंगाम निघंल. फुडच्या साली आमचं जाईल, निपाणीचं बी जाईल. एका हंगामाचं काम घिऊन मी काय करू?"

तिसऱ्या दिशी पुड्या आल्या. छपराच्या भुईवर सोडल्या, लाल एकीकडं, हिरवी एकीकडं. चावडीच्या पुड्यांत लालच जास्त हुती, म्हंजे चावडीनं माझ्याशी लबाडी न्हवती केली. पर तालमीच्या माघारची पुडी सोडली, नदीच्या वाटंची सोडली, नाक्याची सोडली, आन हिरव्याचा ढीग चढत चालला. शेवटी लालची एक वंजळ आन हिरव्याची बुट्टीभर रास.

आता जे सांगतो ते सांगू नगा म्हणून नातसून म्हणतीया. पर लिव. तानाक्का पाणी प्यायला उठली तवा मी हिरव्यातली दोन पसं थोटकं उचलली आन कोटाच्या खिशांत घातली. बायांची कामं राखायला घातली असं मी म्हटलं असतं तर कुणी तरी खरं मानलं असतं. खरं ते असं की मालकांच्या म्होरं पुन्यांदा फुटाण्याचा केरबा व्हायचं न्हवतं. दोन पशानं तेवढ्या राशीला काय फरक पडणार हुता, त्यो हिशेब बी मला आला न्हाय.

तानाक्का परत आली, राशीकडं बघितलं, मग माझ्या कोटाकडं.

"खिसं उलटं कर."

बावीस बायांच्या म्होरं मी खिसं उलटं केलं. थोटकं पडली, त्येंच्याबरं चार फुटाणं बी पडलं. कोण हासलं न्हाय. हासली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिशी बाजार. सकाळच्याला तानाक्का आन मी निपाणीला वखारीत. माझ्या डोक्यावर बुट्टी. मालक गादीवर, शेजारी जावईबापू, दारात पाल्याच्या गाड्या लागल्याल्या. तानाक्कानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी चावडीवर इचारलं ते, थोरली म्होरं हुती ते, कुठं कुठं झाडलं ते. खिशाचं सांगितलं न्हाय. मी वाट बघत हुतो, ती न्हाय बोलली. मालकांनी बुट्टीत हात घातला, आन बघा, जुना माणूस, त्येंनी बी वरची मूठ घेतली न्हाय, पार बुडातनं काढली. हिरवीच निघाली.

जावईबापूंनी इचारलं, दोनदा का झाडलं? तिनं सांगितलं. ते तिच्याकडं बघतच ऱ्हायलं, आन मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मला कळली.

मालकांनी थोटकं बुट्टीत टाकली. मग म्हणालं, "हलका घेऊ." आन लगेच, "तानाक्का, मग कोगनोळीचं बंद करायला लागंल. बारीक बिडी तुमच्या हाताला हुयाची न्हाय."

"कुणी इचारलं?" तानाक्का म्हणाली.

"म्हंजे?"

"ह्यो केरबा धा गावं हिंडला. लाल वडता का हिरवी, सगळ्यास्नी इचारलं. आमास्नी कुणी इचारलं न्हाय, बारीक वळता का म्हणून."

मालकांच्या म्होरं परातीत हलक्या पाल्याची वानगी ठिवल्याली हुती. ती तिथंच खाली बसली, कमरंची कातर काढली, पिशवीतनं पान काढलं, आन मालकांच्या डोळ्यांम्होरं पाच बिड्या वळल्या. बारीक, सरळ, एकीसारखी एक. हिरवा दोरा न्हवता म्हणून चोळीच्या बाहीचा निळा दोरा उसवून बांधला.

मालक तपकीरवालं, बिडी वडायचं न्हाईत. त्येंनी एक बिडी उचलली आन जावईबापूंच्या म्होरं धरली. "वडून बघा, कशी हाय."

जावईबापूंनी मान खाली घातली. "मी नाही ओढत."

तानाक्कानं फकस्त माझ्याकडं बघितलं. मालकांनी जावयाकडं बघितलं, बिडीकडं बघितलं, बुट्टीकडं बघितलं. मग बिडी गादीवर ठिवली, उठलं, आन गाड्या बघून येतो म्हणून भाईर गेलं. गाड्या बघायला मुकादम हुता, पर ते गेलं, आन बराच येळ पाठ करून उभं ऱ्हायलं. आत काडी वाजली.

माघारी आलं तवा बिडी गादीवर न्हवती. जावईबापू खिडकीतनं भाईर बघत म्हणालं, "वळण चांगलं आहे. शेवटपर्यंत विझत नाही."

"एक हंगाम बघू," मालक म्हणालं.

त्यो एक हंगाम लई वर्सं चालला. निळ्या दोऱ्याची बिडी निघाली, आन कोगनोळीच्याच बायांनी वळली. लाल बिडी हळूहळू बंद झाली. मी लालच वडायचो, मला कुणी इचारलं न्हाय. दर साली सौद्याच्या आधी बाया सा गावं झाडायच्या आन पुड्या आणायच्या. मालकांनी गावोगाव इचारत फिरायचं माझं काम बंद केलं आन मला बुट्ट्या उचलायला लावलं. तसं बघितलं तर कामात मी सुधारलो, कारण बुट्टीत चूक करायला जागा न्हाय.

पर त्या दिशी वखारीतनं निघालो तवा माझ्या जिवाला लागलं हुतं. कोगनोळीच्या वाटंवर तानाक्का फुडं, रिकामी बुट्टी घिऊन मी मागं. वाटंत मी म्हणालो, आक्का, पाच वर्सं मी ह्यात घालवली. ऊन बघितलं न्हाय, पाऊस बघितला न्हाय, हजारांनी माणसं इचारली. माझ्यात कमी काय हुतं, एवढं तरी सांग.

तिनं मागं वळून बी बघितलं न्हाय.

"तुज्यापरास माझा खराटा बरा. त्यो कुणाला इचारत न्हाय, आन खात बी न्हाय."